आठ जणांचं एक ताट

चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूच्या एखाद्या खानावळीत दुपारी बाराच्या सुमारास आठ जण गोल टेबलाभोवती बसले, की ऑर्डर देण्याचं काम बहुतेक वेळा एकाच्याच हाती येतं. कोण तिखट खात नाही, कोणाला गोमांस चालत नाही, एवढं विचारून घेऊन तो मेनूकार्डाची पानं उलटत बसतो. बाकीचे चहा पीत गप्पा मारतात. पाहणाऱ्याला वाटावं, हा उगाच वेळ लावतोय. पण त्या जेवणाचं अर्धं यश त्या पाच-दहा मिनिटांत ठरत असतं.

त्याच्या डोक्यातला हिशेब साधारण असा असतो: माणसागणिक एक पदार्थ, वर एखाद-दुसरा जास्तीचा आणि एक सूप. आधी थंड पदार्थ, मग गरम, मग भाजी, शेवटाकडे सूप आणि भात. मासा एकदा, कोंबडी एकदा, डुकराचं मांस एकदा, तोफू एकदा. एक पदार्थ मोठ्या आचेवर झटक्यात परतलेला असेल, तर दुसरा वाफवलेला हवा, तिसरा तासन्‌तास मंद शिजलेला, चौथा जवळजवळ कोरडा पडेपर्यंत कढईत हलवलेला. एक कुरकुरीत, एक गुळगुळीत. दोन पदार्थांची चव एकसारखी झाली, तर ऑर्डर देणाऱ्याला जेवण कळत नाही असं समजतात.

आपण पान वाढतो तेव्हा डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी असा सगळा मेळ प्रत्येकाच्या पुढ्यात मांडतो. सिचुआनमध्ये तोच मेळ अख्ख्या टेबलावर पसरतात. प्रत्येकाच्या वाट्याला फक्त भाताची वाटी, एक बशी आणि काड्या. म्हणजे टेबल हेच ताट, आणि ते भरायला आठ-दहा माणसं लागतात. एकट्यानं जाऊन एक पदार्थ मागवला, तर त्या पाककलेतला एकच सूर कानी पडतो, आणि आपण समजून बसतो की सिचुआनी जेवण म्हणजे भयंकर तिखट. माझ्या मते या प्रांताच्या जेवणाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज एकट्यादुकट्याच्या ऑर्डरीतून जन्मला आहे.

कारण तिखट ही तिथली एक चव, अनेकींपैकी. सिचुआनी आचाऱ्यांनी मिश्र चवींची चक्क यादी बांधली आहे. पाककलेच्या शिक्षणात साधारण २४ चवी सांगतात. त्यातली एक ‘मत्स्यगंधी’. तिच्यात माशाचा अंशही नसतो. मिठाच्या पाण्यात आंबवलेली लाल मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात, साखर आणि व्हिनेगर. हा मसाला घरोघरी माशाला लावतात, म्हणून तोच वांग्याला लावला की वांगं मत्स्यगंधी. दुसरी ‘लिचीची’ चव, तिच्यात लिची नसते. साखर आणि व्हिनेगर अशा बेतानं घालायचे, की आधी आंबट कळावं आणि मागून गोड यावं, पिकलेल्या लिचीत येतं तसं. जगभर पोचलेलं कुंग पाव चिकन मुळात या चवीचं. १८७६ ते १८८६ या काळात सिचुआनचा कारभार पाहणाऱ्या दिंग बाओजन या अधिकाऱ्याच्या मानाच्या पदवीवरून ते ओळखलं जातं. आणि एक ‘विचित्र’ चव आहे: तिळाचा लगदा, सोया सॉस, व्हिनेगर, साखर, मिरचीचं लाल तेल, लसूण, सगळं एकत्र, आणि कसोटी अशी की त्यातलं काहीही वरचढ होता कामा नये. सात-आठ जण भांडताहेत आणि कोणीच जिंकत नाही, अशी ती चव. थंड उकडलेल्या कोंबडीवर ती ओततात.

एवढ्या चवी एकाच प्रांतात का जमल्या, हे शोधायला गेलं की टेबलावर नकाशा उलगडतो. चेंगडूचं मैदान सुपीक आहे, कारण इ.स.पू. २५६ च्या सुमारास ली बिंग या सुभेदारानं दुजियांगयान इथे मिन नदीचं पाणी धरण न बांधता विभागून वळवलं. ते पाटबंधारे आजही चालू आहेत. भाज्यांना तोटा नाही. हवा दमट, सूर्य ढगाआड, त्यामुळे आंबवण्याला आणि मुरवण्याला पोषक. सतराव्या शतकातल्या युद्धांनी प्रांत ओस पडला, तेव्हा छिंग राजवटीनं हुबेई, हुनान, ग्वांगदोंग अशा प्रांतांतून लोक आणून वसवले. ते आपापली लोणची, आपापली व्हिनेगरं, गोडाची आवड घेऊन आले. लँगजोंगचं व्हिनेगर, हानयुआनचा मसाला, पीशियनची मिरची-बाकल्याची पेस्ट आणि झिगोंगचं मीठ हे चार जिन्नस नसतील तर सिचुआनी आचारी अस्वस्थ होतो.

यातल्या मिठाशी जरा थांबायला हवं. सिचुआन समुद्रापासून खूप दूर. मीठ जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढायचं, आणि ते पाणी खोल. झिगोंगच्या लोकांनी बांबू, दोर आणि लोखंडी फाळ यांच्या जोरावर, वर-खाली ठोकत ठोकत विहिरी खणल्या. १८३५ मध्ये तिथल्या शेनहाय विहिरीनं १,००० मीटरची खोली ओलांडली. इतकी खोल विहीर तोवर जगात कोणीही खणली नव्हती. त्याच विहिरींतून नैसर्गिक वायूही यायचा. तो बांबूच्या नळ्यांतून आणून त्याच्याच आगीवर खारं पाणी आटवायचे. पाणी वर ओढायला रहाटांना बैल जुंपलेले असत. बैल थकले की त्यांचं मांस स्वस्तात मिळे, आणि मजूर ते मिरची-मसाल्याच्या पाण्यात शिजवून खात. तिखट रश्श्यात पोहणारे गोमांसाचे काप आज चकचकीत हॉटेलांत मिळतात, त्यांचं मूळ या मिठाच्या कारखान्यांत सांगतात. जेवताना मीठ कमी-जास्त झालं एवढंच आपण पाहतो. त्या चिमटीमागे एक किलोमीटर खोल भोक असेल ही कल्पनाच मला थक्क करते.

आणि मिरची? तीही पाहुणीच. अमेरिका खंडातून निघालेली मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात गोव्याला उतरली आणि आपल्या मिरीवर कुरघोडी करून बसली. चीनमध्ये तिचा उल्लेख १५९१ मध्ये गाओ लिएन याच्या ग्रंथात सापडतो, तोही शोभेचं झाड म्हणून: पांढरी फुलं, लाल फळं, दिसायला छान. ती जेवणात शिरली ती गरिबीच्या वाटेनं. सिचुआनच्या शेजारच्या ग्वेइजोउ प्रांतात मीठ पिकत नाही, बाहेरून आणावं लागे आणि महाग पडे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिथल्या नोंदीत लोक मिठाच्या जागी मिरची वापरतात असं लिहिलेलं आहे. सिचुआनमध्ये ती त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिसू लागते. म्हणजे ज्या तिखटासाठी हा प्रांत जगात गाजतो, ते तिथे जेमतेम अडीच-तीनशे वर्षांचं. शिवाजी महाराजांच्या काळात सिचुआनी माणसाच्या ताटात मिरची बहुधा नव्हतीच.

त्याआधी जीभ चेतवायला आलं होतं, आणि होता ह्वाजिआव. मिरीएवढं, तांबूस, खरखरीत, दोन शिंपल्यांसारखं उघडलेलं टरफल. आतली काळी बी फेकून द्यायची, मसाला टरफलातच. दोन हजार वर्षांपूर्वी हान राजवटीत सम्राज्ञीच्या महालाच्या भिंतींना ह्वाजिआव मिसळलेला गिलावा करत. ऊब राहावी, सुगंध यावा, आणि घोसांनी लगडणाऱ्या या फळासारखी संतती व्हावी म्हणून. हानयुआनचा ह्वाजिआव तर शतकानुशतकं दरबाराला नजराणा म्हणून जात असे.

एक टरफल दाताखाली धरून पाहावं. पहिले काही क्षण फक्त वास, लिंबाच्या सालीसारखा तरतरीत. मग तोंडाला पाणी सुटतं. मग जिभेच्या टोकाला काहीतरी हलल्यासारखं वाटतं, ते ओठांकडे सरकतं, आणि अर्ध्या मिनिटात सगळे ओठ बारीक थरथरू लागतात. प्रत्यक्षात ओठ हलत नसतात. आरशात पाहिलं तरी काही दिसत नाही. या झिणझिण्यांना तिथे ‘मा’ म्हणतात, मिरचीच्या दाहाला ‘ला’, आणि दोन्ही मिळून ‘माला’.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी या थरथरीचा वेगच मोजला. माणसांच्या ओठाला ह्वाजिआव लावायचा आणि बोटाला कंप देणारं छोटं यंत्र. बोटावरचा कंप कमी-जास्त करत न्यायचा, आणि तो ओठावरच्या झिणझिणीशी जुळला की सांगायचं. उत्तर आलं: सेकंदाला सुमारे ५० वेळा. हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या त्वचेत वेगवेगळ्या वेगाचे कंप ओळखणारे वेगवेगळे चेतातंतू असतात. ह्वाजिआवमधलं सॅनशूल नावाचं द्रव्य त्यातल्या एका जातीच्या तंतूंना जागं करतं, आणि ते बिचारे मेंदूला कळवत राहतात की ओठाला काहीतरी कंप पावणारं लागलं आहे. आपल्या घरातल्या विजेची वारंवारताही ५० हर्ट्‌झच. निव्वळ योगायोग, पण ओठात वीज खेळल्यासारखं वाटतं असं म्हणणारे अगदीच चुकत नाहीत.

मिरचीचं गणित वेगळं. तिच्यातलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) उघडतं. हा ग्राहक एरवी ४३ अंश सेल्सियसच्या आसपास जागा होतो, म्हणजे कॅप्सेसिन मेंदूला ‘भाजतंय’ अशी खोटी खबर देतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये तो शोधला, आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पटापूशियन यांना उष्णता आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी मिळालं. उष्णता आणि स्पर्श! माला म्हणजे बरोबर हीच जोडी. ना मिरची ही चव, ना ह्वाजिआव ही चव. एक आग नसताना आग भासवतो, दुसरा कंप नसताना कंप. सिचुआनी आचाऱ्यांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी फक्त जिभेवर विश्वास ठेवला आणि दोन स्वतंत्र वाटांनी मेंदूपर्यंत जाणाऱ्या संवेदना एका चमच्यात आणून ठेवल्या.

आता कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना केव्हाच ओळख पटली असेल. टरफल वापरायचं, काळी बी टाकून द्यायची, लिंबासारखा वास, जिभेला मुंग्या: हे तर तिरफळ! खरंच, दोघांचा वनस्पतिशास्त्रीय वंश एकच, झँथॉक्सिलम. सिचुआनचा ह्वाजिआव आणि आपलं तिरफळ हे सख्खे नातलग, आणि हिमालयातला तिमूरही त्याच घरातला. सगळं कूळ लिंबू-संत्र्याचं, ज्यात कढीपत्ता आणि बेलही येतात. बांगड्याच्या तिखल्यात किंवा उडीद-मेथीत चार-पाच तिरफळं जराशी ठेचून शेवटी सोडतात, आणि जेवताना ती बाजूला काढतात. आपण त्याला माशाचा उग्र वास घालवणारा सुगंध म्हणून वापरलं. सिचुआननं त्याच्या झिणझिण्यांनाच मुख्य केलं. गंमत अशी, की मुंबईत १९७० च्या दशकात ताज हॉटेलातल्या गोल्डन ड्रॅगननं सिचुआनी जेवण आणलं आणि तिथून ‘शेजवान’ हातगाड्यांपर्यंत पोचलं, तेव्हा वाटेत लाल मिरची आणि लसूण टिकले, झिणझिण्या मात्र गळाल्या. ज्या किनाऱ्यावर तिरफळ पिकतं, तिथेच. शेजवान चटणी मला मनापासून आवडते. पण कोणी तिच्यात तिरफळाची चिमूटभर पूड घालून पाहिली, तर एक हरवलेला नातेवाईक घरी परतल्याचा आनंद होईल.

टेबलाकडे परत येऊ, कारण मापो तोफू आला आहे, आणि तो गरमच खायचा असतो.

१८६२ च्या सुमारास चेंगडूच्या उत्तरेला वानफू पुलाजवळ चन कुटुंबाची खानावळ होती. तेलाचे बुधले वाहणारे हमाल तिथे थांबत. सांगतात, की ते स्वतःच थोडं तेल आणि बाजूच्या दुकानांतून तोफू आणि मांस आणून देत, आणि चनची बायको ते शिजवून देई. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, म्हणून पदार्थाला ‘मापो’, म्हणजे व्रणांची म्हातारी, हे नाव चिकटलं. हमालांचं जेवण: स्वस्त, झणझणीत, भात जास्त खपवणारं. आज जो करतात त्याची कृती अशी. तोफूचे चौकोनी तुकडे मिठाच्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायचे, म्हणजे कच्चा वास जातो आणि ते सहसा फुटत नाहीत. कढईत तेलावर गोमांसाचा खिमा अगदी कोरडा, खमंग होईपर्यंत परतायचा. मग पीशियनची पेस्ट. तेल लालभडक होईपर्यंत ती मंद आचेवर हलवत राहायची. घाई केली तर करपते आणि सगळं कडवट होतं. मग आंबवलेले काळे सोयाबीन, मिरचीपूड, थोडं पाणी, तोफू. शेवटी स्टार्चचं पाणी, पण एकदम नाही. जुने आचारी ते दोन-तीन वेळा थोडं थोडं घालतात, म्हणजे रस्सा प्रत्येक तुकड्याला धरून राहतो आणि वर तर्री वेगळी दिसते. लसणाची पात. आणि वाढताना वरून ताजी भाजून कुटलेली ह्वाजिआवची पूड. चांगल्या मापो तोफूत तोफू इतका मऊ असतो, की काड्यांनी उचलण्याचा हट्ट कोणी धरत नाही, चमचाच घेतात.

त्या लाल पेस्टचं मूळ चेंगडूच्या वायव्येला, पीशियनमध्ये. आता त्याला पीदू म्हणतात आणि ते शहराचाच भाग झालं आहे. बाकल्याच्या डाळिंब्यांवर बुरशी चढवून त्या मिठात मुरवतात, लाल मिरच्या वेगळ्या खारवतात, मग दोन्ही एकत्र करून मातीच्या मोठ्या रांजणांत भरतात. उन्हात रांजण उघडे, पावसात झाकलेले. दिवसा ढवळायचे, रात्री दव पडू द्यायचं. वर्षभर, कधी दोन-तीन वर्षं. रंग लालचा काळपट तपकिरी होतो आणि चव इतकी खोल जाते, की मीठ, तिखट, आंबट असं वेगळं सांगता येत नाही. रांजणांच्या रांगांतून रोज हात फिरवणारी माणसं आहेत, हे त्या एका चमचाभर पेस्टमधून कळतं.

आता एवढी चव एकट्यानं संपवायची म्हटलं, तर चार घासांनंतर ओठ बधिर आणि जीभ थकलेली. इथे टेबलावरची बाकीची मंडळी कामाला येतात. दोन चमचे मापो तोफू भातावर, मग ठेचलेल्या काकडीचा थंड घास, मग वाफवलेला मासा, मग पाण्यात नुसती उकडलेली पालेभाजी, मग पुन्हा तोफू. परत आल्यावर तोच तोफू वेगळा लागतो. दर दोन घासांनी जीभ दुसऱ्या मुलखात जाऊन येते. पारंपरिक सिचुआनी मेजवानीत बरेच पदार्थ मुळीच तिखट नसतात, याचं कारण हेच. तिखटाला उठून दिसायला शांत शेजारी लागतात.

शाकाहारी वाचकांनी खट्टू होऊ नये. कढईत कोरड्या परतलेल्या घेवड्याच्या शेंगा, कोबी, वांगी, अळंबी असं बरंच काही टेबलावर असतं. फक्त शेंगांत किंवा वांग्यात खिमा नको, हे आधी सांगावं लागतं, कारण चिमूटभर मांस भाजीची चव वाढवतं असं तिथे मानतात. चेंगडूच्या वन्शू बौद्ध मठात तर पूर्ण शाकाहारी खानावळ आहे.

मधोमध फिरणाऱ्या काचेच्या तबकडीकडे बघून वाटतं, चिनी माणूस हजारो वर्षं असाच एकत्र जेवत आला असेल. तसं नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. चेंगडू परिसरातल्या हान काळातल्या थडग्यांच्या विटांवर मेजवान्या कोरलेल्या आहेत: माणसं चटयांवर बसलेली, पुढ्यात बुटके चौरंग. त्या काळी जेवण वेगवेगळं वाढलं जाई. दहाव्या शतकातल्या हान शीझाइ या अधिकाऱ्याच्या रात्रीच्या मैफिलीचं प्रसिद्ध चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यातही पाहुण्यांसमोर सारख्या बशा स्वतंत्र मांडलेल्या दिसतात. खुर्च्या आणि उंच टेबलं रुळली, माणसं एका पृष्ठभागाभोवती आली, आणि सोंग राजवटीच्या सुमारास एकाच ताटातून जेवण्याची रीत घट्ट झाली. म्हणजे फर्निचर बदललं आणि पंगत बदलली.

आणि तबकडी तर विसाव्या शतकातली, एका डॉक्टरच्या डोक्यातून आलेली. डॉ. वू लिएन-तेह यांचा जन्म १८७९ चा, पिनांगचा, शिक्षण केंब्रिजला. १९१० च्या हिवाळ्यात मांचुरियात प्लेग उसळला, तेव्हा त्यांना हार्बिनला पाठवलं गेलं. मुंबई-पुण्याला १८९६-९७ मध्ये गाठलेला प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरणारा होता. हा श्वासातून पसरतोय, हे वूंनी ओळखलं आणि कापूस-जाळीचे मुखपट्टे वापरायला लावले. त्यांचं न पटलेले फ्रेंच डॉक्टर मेनी मुखपट्ट्याविना रुग्णांत गेले आणि काही दिवसांत प्लेगनंच वारले. सुमारे ६०,००० बळी घेऊन साथ १९११ मध्ये आटोक्यात आली.

या माणसाची नजर पुढे जेवणाच्या टेबलावर गेली. क्षयानं पोखरलेल्या देशात सगळे आपापल्या तोंडातल्या काड्या एकाच भांड्यात घालताहेत. वेगळी ताटं हा सरळ उपाय होता, पण त्यानं चिनी जेवणाचा जीवच जाईल हेही त्यांना कळत होतं. म्हणून १९१५ च्या सुमारास त्यांनी सुचवलं: टेबलाच्या मधोमध फिरती तबकडी ठेवा, प्रत्येक पदार्थाला स्वतःचा चमचा द्या. पदार्थ माणसाकडे येईल, माणसाची काडी पदार्थात जाणार नाही. चीनमध्ये फिरत्या चकतीची कल्पना जुनीच होती. १३१३ मध्ये वांग जेननं छपाईचे लाकडी खिळे ठेवायला फिरतं टेबल वर्णिलं आहे. पण ती जेवणावर आली ती जंतूंच्या धाकानं. पुढे १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या जॉनी कान यांच्या रेस्टॉरंटनं ती अमेरिकेत लोकप्रिय केली, आणि १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला गेले तेव्हाच्या मेजवानीत जगानं ती दूरचित्रवाणीवर पाहिली. आज जो पदार्थ हळूच फिरत आपल्यासमोर येतो, त्याच्या मुळाशी हार्बिनच्या बर्फात प्लेगशी झुंजलेला एक डॉक्टर आहे.

तबकडीचे स्वतःचे शिष्टाचार आहेत. दुसरा वाढून घेत असताना ती फिरवायची नाही. नवा पदार्थ आला की आधी पाहुण्यासमोर न्यायचा. मानाची जागा दाराकडे तोंड असलेली, माशाचं डोकं मुख्य पाहुण्याकडे. भातात काड्या उभ्या खुपसायच्या नाहीत, तसं मृतांसाठी करतात. आणि सगळ्यांत गोड प्रकार म्हणजे यजमानानं उत्तम तुकडा निवडून पाहुण्याच्या बशीत ठेवणं. ‘अजून घ्या’ म्हणत पोळी टाकणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच समजेल. कोविडनंतर वाढायच्या वेगळ्या काड्यांचा आग्रह पुन्हा वाढला, वूंचीच गोष्ट शंभर वर्षांनी. अन्न वाया जाऊ नये म्हणून २०२० मध्ये वुहानच्या खानावळींच्या संघटनेनं दहा जणांनी नऊच पदार्थ मागवावेत असं आवाहन केलं, आणि २०२१ मध्ये नासाडीविरोधी कायदाही झाला. भरभरून वाढणं हाच पाहुणचार मानणाऱ्या देशाला हे सोपं नाही.

शेवटाकडे सूप येतं. ऑर्डर देणाऱ्यानं हिंमत आणि खिसा दोन्ही दाखवले असतील, तर त्याचं नाव ‘उकळत्या पाण्यातला कोबी’. समोर येतो पारदर्शक वाडगा, जणू गरम पाणी, त्यात फिकट कोबीचे कोवळे गाभे. तेलाचा एक थेंब दिसत नाही. पण ते पाणी म्हणजे जुनी कोंबडी, बदक, खारवलेली डुकराची तंगडी आणि हाडं तासन्‌तास मंद आचेवर ठेवून काढलेला अर्क. तो निवळायला आधी डुकराच्या, मग कोंबडीच्या मांसाचा लगदा पाण्यात कालवून आत सोडतात; लगदा वर येताना सगळा गाळ स्वतःत ओढून घेतो. हे पुन्हा करतात, पाणी लख्ख होईपर्यंत. सिचुआनी आचाऱ्याला त्याच्या कलेचा कस कशात आहे विचारलं, तर लाल कढईपेक्षा तो या वाडग्याकडे बोट दाखवण्याची शक्यता जास्त.

भात संपतो, टरबुजाच्या फोडी येतात, उरलेलं डब्यांत भरलं जातं. आणि मग सुरू होते बिलाची ओढाताण. तरुण मंडळी आता रक्कम वाटून घेतात, पण चाळिशीपुढचे अजून ऐकत नाहीत. एक जण दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याला खुर्चीत दाबून बसवतो, आवाज चढतात, शेजारच्या टेबलाला वाटावं खरंच भांडण जुंपलंय. मोबाइल पुढे करत चार जण गल्ल्याशी धडकतात, आणि गल्ल्यावरची बाई हसत सांगते, की मघाशी सूप यायच्या आधी हात धुवायला म्हणून उठलेले ते गृहस्थ सगळे पैसे चुकते करून गेले.